मागावरचे लहान विद्युतचुंबक : अभ्यासाची प्रस्तावना

विणकामाचे यंत्र म्हटले की धोटा, फणी, बीम आणि कानठळ्या बसवणारा खडखडाट आठवतो. विद्युतचुंबक सहसा कोणाला आठवत नाही. तो कुठल्यातरी झाकणाखाली दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेत निमूट बसलेला असतो. पण आज ज्या मागावर नक्षी विणली जाते, ज्यावर बाण्याचे रंग आपोआप बदलतात, ज्यावर हवेच्या झोताने धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो, त्या मागावर ‘आता कोणता धागा’ हे ठरवण्याचे शेवटचे काम बहुतेक वेळा अशाच एखाद्या चुंबकाकडे असते. संगणकाच्या पडद्यावर नक्षी कितीही देखणी असली तरी ती कापडात उतरायला थोडे तांबे आणि थोडे लोखंड लागतेच. त्या तांब्या-लोखंडाची रचना कशी करावी, हा या पुस्तकाचा विषय आहे.

ही प्रस्तावना मी डोईफोडियात बसून लिहितो आहे, आणि हे गाव या विषयाला परके नाही असे मला मनापासून वाटते. बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यातले हे गाव. मध्य प्रदेशातले, पण महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या पट्ट्यातले. इथल्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, बुऱ्हाणपुरात, कापड विणले जाते. ते विणकाम आजकालचे नाही. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये या शहरातून गेला, तेव्हा इथले सुती कापड इराण, तुर्कस्तान आणि पार पोलंडपर्यंत जाते अशी नोंद त्याने करून ठेवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे ताप्ती मिल उभी राहिली आणि पुढे शहराच्या मोहल्ल्यांमोहल्ल्यांत यंत्रमाग आले. महाराष्ट्रात उतरले की मालेगाव आणि भिवंडी लागतात, पुढे चादरींचे सोलापूर, आणि त्याहून दक्षिणेला इचलकरंजी, जिथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला. कापूस आपला, माग चालवणारे हात आपले, बिघडलेला माग रातोरात उभा करणारे फिटरही आपले. मात्र नव्या मागांच्या आतला निर्णय घेणारा भाग बहुधा स्वित्झर्लंड, बेल्जियम, जपान किंवा चीनमध्ये रचलेला असतो. तो जळला की आपण नवा मागवतो. तो तसाच का रचला, त्याची तार एवढीच बारीक का, त्याच्या तोंडावर पितळेचा तो पातळ पापुद्रा कशासाठी, हे प्रश्न राहून जातात. वाचकाने ते विचारावेत आणि उत्तरे स्वतःच्या हाताने काढावीत, यासाठी हे पुस्तक आहे.

या क्षेत्रात येताना एक कल्पना मनात पक्की बसवून घ्यावी. मागावरच्या लहान चुंबकाने ओढायचे नसते, धरायचे असते. दार ढकलायला अंगात जोर लागतो, कडी अडकवायला एक बोट पुरते. चुंबकाला कडीचे काम द्यावे आणि ढकलण्याचे काम मागाच्या मुख्य शाफ्टकडे सोपवावे. पुढच्या सगळ्या प्रकरणांतली गणिते या एका विचाराभोवती फिरतात, म्हणून तो इथे जरा सविस्तर उलगडतो.

नक्षी विणण्यासाठी मागावर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमधला एकच हूक जवळून पाहू. हे जॅकार्ड मागाच्या डोक्यावर असते. त्यात लांब पट्ट्या असतात, कारखान्यात त्यांना नाइफ म्हणतात. एक वर जाते तेव्हा जोडीची दुसरी खाली येते, आणि मागाच्या प्रत्येक फेऱ्याला हे चालूच राहते. नाइफवर प्लॅस्टिकचा सडपातळ हूक टेकलेला असतो, आणि त्याच्या खाली दोऱ्यांच्या जाळ्यातून ताण्याचा धागा बांधलेला असतो. नाइफ वर गेली की हूक तिच्याबरोबर वर जातो. दर वेळी जातो, त्यात निवड नाही. निवड होते ती अगदी माथ्यावर. तिथे एक छोटी खिटी असते. तिच्यामागे स्प्रिंग असते आणि बाजूला चुंबक. वर आलेला हूक आपल्या अंगाने खिटीला बाजूला सारतो आणि तिचा लोखंडी भाग चुंबकाच्या तोंडावर नेऊन टेकवतो. त्या क्षणी चुंबकात वीज असली तर खिटी तिथेच चिकटून राहते, तिची चोच हुकाच्या वाटेत येत नाही, आणि हूक नाइफबरोबर खाली उतरतो. धागा खालच्या थरात राहतो. वीज नसली तर स्प्रिंग खिटीला परत ढकलते, चोच हुकाला पकडते, नाइफ एकटीच खाली जाते आणि धागा वर अडकून राहतो. बाणा त्याच्या खालून निघून जातो.

आता या घटनेत कोणी काय केले ते मोजा. धागा उचलला मागाच्या मोटरीने. खिटी चुंबकापर्यंत नेली तीही मोटरीनेच, हुकाच्या हाताने. खिटी परत आणली स्प्रिंगने. चुंबकाच्या वाट्याला आले ते हातात आलेली वस्तू क्षणभर न सोडण्याचे काम. श्रमाची ही वाटणी जुनी आहे. जोसेफ-मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास लियाँमध्ये आपले यंत्र सिद्ध केले, तेव्हा पुठ्ठ्याचे भोकाचे पत्रेही काही उचलत नव्हते; कोणता हूक नाइफच्या वाटेत राहील एवढेच सांगत होते. १९८३ मध्ये मिलानच्या इट्मा या वस्त्रयंत्रांच्या प्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मांडले, तेव्हा पुठ्ठा गेला आणि चुंबक आले, पण वाटणी तीच राहिली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. चांगल्या रचनेत जोर आणि निर्णय यांची फारकत केलेली असते, आणि निर्णयाचा भाग जितका निवांत ठेवता येईल तितका तो लहान करता येतो.

हे पटायला थोडे आकडे हवेत. चुंबकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर धरू, म्हणजे जेमतेम २ बाय ५. तिथे अर्धा टेस्ला चुंबकीय क्षेत्र उभे केले तर सुमारे १ न्यूटन ओढ मिळते. १०० ग्रॅमचे वजन पेलण्याएवढी. खिटीच्या स्प्रिंगला रोखायला ती पुरेशी आहे. हवेत अर्धा टेस्ला क्षेत्र उभे करायचे तर दर मिलिमीटर फटीमागे सुमारे ४०० अँपिअर-वेढे मोजावे लागतात. लोखंडाचा स्वतःचा विरोध तूर्त बाजूला ठेवू. मग खिटी तोंडापासून १ मिलिमीटर दूर असेल तर ४०० अँपिअर-वेढे, आणि ती ०.०५ मिलिमीटरवर आणून ठेवली असेल तर फक्त २०.

कॉइल प्रत्यक्ष गुंडाळून पाहू. ०.१ मिलिमीटर जाडीची एनॅमलची तार, १००० वेढे, एका वेढ्याची सरासरी लांबी ३ सेंटिमीटर. म्हणजे ३० मीटर तार, आणि तिचा रोध साधारण ६५ ओहम. लांबून ओढायचे असेल तर ०.४ अँपिअर लागतील आणि कॉइलमध्ये १० वॅटहून अधिक उष्णता तयार होईल. जवळ आणून दिलेले धरायचे असेल तर ०.०२ अँपिअर पुरतात आणि उष्णता पाव वॅटच्याही एक दशांश. प्रवाह वीसपट कमी झाला, उष्णता चारशेपट. एका चुंबकाच्या बाबतीत हा फरक कदाचित कोणी मनावर घेणार नाही. पण २६८८ हुकांचे जॅकार्ड हे बाजारातले नेहमीचे माप. सगळे चुंबक एकाच वेळी चालू झाले तर पहिल्या पद्धतीत जवळजवळ २८ किलोवॅट लागतील, अख्ख्या मागाच्या मोटरीपेक्षा कितीतरी जास्त, आणि ते सगळे उष्णतेच्या रूपाने एका पेटीत कोंडलेले. दुसऱ्या पद्धतीत ७० वॅट. लोखंडाचा विरोध, क्षेत्राची गळती आणि सुरक्षिततेसाठी ठेवलेली शिल्लक धरली की दोन्ही आकडे वाढतात, पण त्यांच्यातली दरी बुजत नाही. ‘चुंबक लहान कसा करावा’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर चुंबकाच्या बाहेर, खिटीच्या आणि हुकाच्या आकारात दडलेले असते ते असे. म्हणून या पुस्तकातली पहिली तीन प्रकरणे यंत्ररचनेची आहेत, विजेची नाहीत. विजेच्या विद्यार्थ्यांनी ती ओलांडून पुढे जाऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जवळीक मात्र फुकट मिळत नाही. तिची किंमत वेळेत चुकवावी लागते. फट कमी झाली की कॉइलची प्रवर्तकता वाढते. वरच्याच कॉइलची ती १ मिलिमीटर फटीला सुमारे साडेबारा मिलिहेन्री असेल, तर ०.०५ ला पाव हेन्री. पाव हेन्रीला ६५ ने भागले की ४ मिलिसेकंद येतात, आणि प्रवाह नीट स्थिर व्हायला असे तीन-चार काळ जावे लागतात. मिनिटाला ६०० बाणे भरणाऱ्या मागावर एका बाण्याला १०० मिलिसेकंद मिळतात आणि त्यातला निर्णयाचा क्षण फार थोडा असतो. तिथे १२ ते १५ मिलिसेकंद खर्चून चालत नाही. यावरचा उपाय सोपा आणि सुंदर आहे. या कॉइलला स्थिर प्रवाहासाठी दीड व्होल्टही लागत नाहीत. तिला पहिल्या क्षणी २४ व्होल्ट द्यावेत. हवा तो प्रवाह साधारण ०.२ मिलिसेकंदात गाठला जातो. मग इलेक्ट्रॉनिक सर्किटने विजेचे तुकडे पाडून तो तेवढाच राखावा. सोडतानाही हीच काळजी घ्यावी लागते. ट्रान्झिस्टर वाचवायला कॉइलवर साधा डायोड लावण्याची सवय सगळ्यांनाच आहे. पण त्या डायोडमुळे प्रवाह रेंगाळत विझतो आणि खिटी उशिरा सुटते. जोडीला झेनर डायोड लावला की सुटकाही तितकीच तडफदार होते. माग वेग वाढवला की नक्षीत चुका करू लागतो आणि वेग कमी केला की सुधारतो, अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे सापडते. दोष चुंबकाच्या ताकदीवर टाकण्याआधी त्याच्या सुटण्याची वेळ मोजावी.

लोखंडाचेही काही स्वभाव आहेत. भरीव गाभ्यात क्षेत्र बदलताना भोवरा-प्रवाह फिरतात आणि बाहेर वीज बंद केली तरी आतले क्षेत्र क्षणभर टिकवून धरतात; म्हणून गाभा सिलिकॉन पोलादाच्या पातळ पत्र्यांचा करतात. शिवाय एकदा चुंबकलेले लोखंड सगळे विसरत नाही. खिटी लोखंडाला लोखंड लागून पूर्ण बसली तर वीज गेल्यावरही ती चिकटून राहू शकते. तोंडावर पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो तो यासाठी. वरच्या हिशेबातली ०.०५ मिलिमीटरची फट ही काही कारागिराकडून राहिलेली उणीव नाही; ती मुद्दाम ठेवलेली जागा आहे.

आणि याच जागेत कापूस शिरतो. कापसाच्या एका तंतूची जाडी साधारण १२ ते २० मायक्रॉन असते. तीन तंतू एकावर एक आडवे पडले की ५० मायक्रॉन, म्हणजे आपली अख्खी फट. तेवढी रुई तोंडावर बसली तर फट दुप्पट होते आणि त्याच प्रवाहाला धरण्याची ओढ एक चतुर्थांश उरते. १०० ग्रॅमच्या जागी २५. स्प्रिंग जिंकते, चोच हुकाला पकडते आणि कापडावर नको त्या ठिकाणी एक धागा वर दिसतो. परदेशी माहितीपुस्तिकेत ‘वेळोवेळी स्वच्छ करा’ अशी एक ओळ असते. बुऱ्हाणपूरच्या किंवा मालेगावच्या कारखान्यात, जिथे हवेत तरंगणारी रुई छताच्या जाळ्यांपासून मागाच्या पायापर्यंत सगळीकडे बसते, तिथे ही एक ओळ पुरणार नाही. तोंडे खाली वळवून बसवावीत का, खिटीच्या प्रत्येक हालचालीत तोंड आपोआप पुसले जाईल अशी घासट ठेवावी का, पेटीत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाबाची गाळलेली हवा सोडावी का, पापुद्र्याचा पृष्ठभाग किती गुळगुळीत असावा, हे सगळे रचनेचे प्रश्न आहेत. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या अभियंत्याला ते जितके जवळून दिसतात तितके थंड, स्वच्छ प्रयोगशाळेत बसलेल्याला दिसत नाहीत. या विषयात आपल्या भागातून नवी भर पडायची असेल तर ती इथेच पडेल, अशी माझी खात्री आहे.

उष्णतेचा प्रश्नही आपल्याकडे वेगळ्या तीव्रतेने येतो. तापी खोऱ्यातला मे महिना ज्याने काढला आहे त्याला पत्र्याच्या छपराखालची दुपार सांगायला नको. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना मोजलेली कॉइल १०० अंशांपर्यंत तापली तर रोध ३१ टक्क्यांनी वाढतो. तिला ठरावीक व्होल्टेजच दिले तर प्रवाह तीन चतुर्थांशावर येतो, आणि ओढ प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ती साठ टक्क्यांच्याही खाली घसरते. सकाळी चांगला चालणारा माग दुपारी रुसतो तो बरेचदा यामुळे. वर सांगितलेले सर्किट व्होल्टेजऐवजी प्रवाह राखते म्हणून हा फटका वाचवते, पण उष्णता मात्र वाढतेच. तारेच्या एनॅमलचा वर्ग निवडताना, १५५ अंशांचा घ्यावा की १८० चा, हिशेब आपल्या छपराखालच्या तापमानापासून सुरू करावा, माहितीपुस्तिकेत गृहीत धरलेल्या २५ अंशांपासून नव्हे.

चुंबकांच्या दाटीने काय होते तेही थोडक्यात सांगतो, कारण त्याचे सविस्तर प्रकरण पुढे आहेच. हुकांच्या रांगेत चुंबक एकमेकांपासून काही मिलिमीटरवर बसतात. एकाचे क्षेत्र शेजाऱ्याच्या गाभ्यात गळते आणि बंद असलेल्या चुंबकालाही थोडी ओढ चढते. दोन्ही बाजूंचे शेजारी चालू आणि मधला बंद, ही सर्वांत कठीण परीक्षा. नव्या रचनेची चाचणी एकट्या चुंबकावर घेऊन थांबू नये ती यासाठी.

विजेने विणण्याची कल्पना वाटते तितकी अलीकडची नाही. इटलीतल्या पीडमाँट-सार्डिनिया राज्याच्या तारखात्यात काम करणारे गाएतानो बोनेल्ली यांनी १८५० च्या दशकात पुठ्ठ्याऐवजी विद्युतचुंबक वापरणारा माग करून दाखवला. धातूचा पातळ वर्ख लावलेल्या पट्ट्यावर वीज न वाहणाऱ्या रोगणाने नक्षी रंगवायची. जिथे रोगण तिथे चुंबक बंद, जिथे उघडा धातू तिथे चालू. कल्पना इतकी नितळ की आजही शिकवताना ती उपयोगी पडते. कारखान्यांत मात्र ते यंत्र रुजले नाही. शेकडो चुंबकांना भरवशाने आणि स्वस्तात चालू-बंद करणारा स्विच त्या काळात नव्हता. तो अर्धवाहकांनी दिला आणि त्याला शंभरावर वर्षे जावी लागली. तारखात्याच्या माणसाला माग सुचला, हे मला लक्षात ठेवण्याजोगे वाटते. या क्षेत्रात दारे आडव्या बाजूंनीच उघडत आली आहेत.

जॅकार्डच्या पलीकडे दोन ठिकाणे विशेष अभ्यासण्यासारखी आहेत. एक हवेच्या झोताचा माग. तिथे बाण्याचा धागा आधी एका ढोलावर मोजून गुंडाळला जातो आणि ढोलासमोर चुंबकाने चालणारी एक खुंटी असते. खुंटी वर झाली की झोत धाग्याला ओढून नेतो. ढोलावरून सुटणारे वेढे प्रकाशाचा सेन्सर मोजतो आणि ठरलेले वेढे सुटले की खुंटी खाली येऊन धागा अडवते. इथे खिटी आणून द्यायला हूक नसतो. चुंबकाला खरोखरच हलवावे लागते, तेही काही मिलिसेकंदांत, दिवसाला लाखो वेळा. म्हणजे ‘धरा, ओढू नका’ या नियमाला हा सरळ अपवाद. आणि नियम का पाळायचा हे कळलेल्यालाच अपवाद नीट रचता येतो. खुंटी हलकी करणे, तिचा प्रवास अर्ध्या मिलिमीटरनेही कमी करणे, थांबतानाची आदळ रबराने शोषून घेणे, यात त्या रचनेचे सगळे कसब आहे.

दुसरे ठिकाण दिसायला अगदी साधे, पण माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचे, कारण ते आपल्या दारात आहे. बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडीतले बहुसंख्य माग धोट्याचे साधे यंत्रमाग आहेत. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीत केंद्र सरकारने पॉवरटेक्स इंडिया योजनेचा आरंभ केला. तिच्यात अशा साध्या मागांना जागच्या जागी सुधारण्याची तरतूद होती. जोडायच्या भागांत ताणा तुटल्यावर माग थांबवणारी यंत्रणाही होती. तिचे काम असे चालते. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पत्ती अडकवलेली असते. धागा ताठ आहे तोवर पत्ती अधांतरी लटकते. धागा तुटला की ती खाली पडते, खालच्या दांडीवरच्या दोन धातूंना जोडते, कमी व्होल्टेजचे सर्किट पूर्ण होते, सोलेनॉइडला वीज मिळते आणि तो मागाचा हँडल सोडवणारी कळ हलवतो. मिनिटाला १२० फेरे घेणारा माग एका फेऱ्याला अर्धा सेकंद घेतो. म्हणजे जॅकार्डच्या मानाने इथे वेळ मुबलक आहे.

पण प्रश्न वेगळे आहेत. पत्तीखाली रुई साचली तर ती दांडीला लागत नाही आणि माग तुटक्या ताण्यावर विणत राहतो. व्होल्टेज पडले तर सोलेनॉइड अर्ध्यावर अडकतो. शिवाय एक मूलभूत निवड करावी लागते. माग थांबवायला वीज द्यायची, की चालू ठेवायला द्यायची आणि थांबवायला काढून घ्यायची? पहिल्या रचनेत वीज कमी लागते, पण वायर तुटली तर यंत्रणा मुकी होते आणि कोणाला कळतही नाही. दुसऱ्या रचनेत वायर तुटली की माग थांबतो, कामगार चिडतो, पण कापड वाचते. मात्र चुंबक दिवसभर चालू राहतो, म्हणून तो धरणाराच असला पाहिजे, ओढणारा असून भागणार नाही. एका कारागिराला तीन-चारऐवजी सहा-आठ माग सांभाळायचे असतील, तर या शे-दोनशे ग्रॅमच्या वस्तूवर त्याची पाठ आणि त्याचे डोळे अवलंबून असतात. अशा सोलेनॉइडची चांगली, स्वस्त, इथल्याच रिवायंडिंगच्या दुकानात दुरुस्त होणारी रचना करणे हे संशोधन नाही, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही.

या अभ्यासाला कोणी यावे? १८८७ साली स्थापन झालेली मुंबईची व्हीजेटीआय आणि १९८२ साली स्थापन झालेली इचलकरंजीची डीकेटीई वस्त्र-तंत्रज्ञान शिकवत आल्या आहेत. अशा संस्थांतल्या विद्यार्थ्यांनी तर यावेच. पण ज्याने पंख्याची आणि पंपाची मोटर गुंडाळली आहे त्याला कॉइल माहीत आहे. ज्याने मागावर डॉबी, म्हणजे नक्षीसाठी ताणा उचलणारे साधे यंत्र, बसवली आहे त्याला वेळेचा मेळ माहीत आहे. ज्या शेतकऱ्याच्या मुलाने जिनिंगमध्ये काम केले आहे त्याला रुई कुठे कशी बसते ते माहीत आहे. यांतले कोणतेही ज्ञान दुसऱ्याहून हलके नाही, आणि तिन्ही एका डोक्यात असणारी माणसे फार थोडी आहेत. म्हणून पुस्तकात गणित आले की ते पायरीपायरीने केले आहे, आणि कारखान्यातला शब्द जिथे चालतो तिथे पोथीतला शब्द आणलेला नाही. बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडे काही गृहीत धरलेले नाही.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक प्रयोग करावा. जुन्या घंटीतला किंवा रिलेतला, दोन तोंडांचा विद्युतचुंबक घ्या आणि तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. एसी वीज नको. एसीवर फट बदलली की प्रवाहही बदलतो आणि मोजमाप गोंधळते. कॉइलच्या मालिकेत अँमीटर ठेवा आणि प्रत्येक वाचनाला प्रवाह तोच आहे ना ते पाहा, कारण कॉइल तापली की तो उतरतो. चुंबक उलटा टांगा, त्याच्या तोंडांवर सपाट लोखंडी पट्टी चिकटवा, पट्टीला छोटे पारडे बांधा आणि ती सुटेपर्यंत वजने वाढवत जा. मग दोन्ही तोंडांवर साध्या लिहिण्याच्या कागदाचा, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा, एकेक तुकडा ठेवून पुन्हा मोजा. नंतर दोन, तीन, चार. आलेखाच्या आडव्या अक्षावर कागदांची संख्या घ्या आणि उभ्या अक्षावर वजनाच्या वर्गमुळाचा व्यस्त. ठिपके जवळजवळ सरळ रेघेत येतील. अगदी सुरुवातीचा एखादा चुकला तर ते लोखंड भरत आल्याचे लक्षण समजा. ती रेघ डावीकडे वाढवून आडव्या अक्षाला कुठे मिळते ते पाहा. शून्याच्या डावीकडे जेवढे अंतर येईल, तेवढी फट तुमच्या चुंबकात एकही कागद नसताना होती. तोंडांचा खडबडीतपणा, पापुद्रा आणि लोखंडाचा स्वतःचा विरोध मिळून. शेवटी तोंडांवर कागदाऐवजी रुईचे मोजके तंतू आडवे ठेवा, वजन मोजा आणि ते किती कागदांच्या बरोबरीचे भरले ते त्याच रेघेवर वाचा. तो आलेख जवळ ठेवा. पहिले प्रकरण तिथूनच सुरू होते.